दोनदा भरलेलं आभाळ

कडेमास्तरांना स्वस्थ बसलेलं पाहिलेला माणूस त्या इमारतीत शोधूनही सापडला नसता. तळमजल्यावर दोन खोल्यांचं सरकारी घर, तिसऱ्या मजल्यावर गच्ची, मधे शेहेचाळीस पायऱ्या. दिवसातून बारा-तेरा वेळा त्या चढायच्या आणि उतरायच्या, हा त्यांचा एकतीस वर्षांचा उद्योग. पायाला भिंगरी असलेली माणसं मुलूख हिंडून येतात. यांच्या भिंगरीला एकच रस्ता ठाऊक होता, वर आणि खाली. चहा उभ्यानं, वर्तमानपत्र उभ्यानं, आणि कुणी फारच आग्रह केला तर खुर्चीच्या टोकावर. तेही चिमणी तारेवर टेकते तितपतच.

मास्तर म्हणायचे एवढंच. शिकवलं त्यांनी कुणालाच नव्हतं. गच्चीवर दोन यंत्रं होती, त्यांचे ते राखणदार. दोन्हींचं रूप एकच: काचेचा उपडा वाडगा आणि त्याखाली काळी तबकडी. पहिलं यंत्र उघडं. ऊन, ढग, निळं आभाळ, वरून जे काही उतरेल ते सगळं मोजायचं त्याचं काम. दुसऱ्याच्या डोक्यावरून मात्र पत्र्याच्या पट्टीचं एक कडं कमानीसारखं गेलेलं होतं. सूर्य ज्या वाटेनं आभाळ ओलांडतो त्या वाटेवर हे कडं आडवं धरलेलं असायचं. त्यामुळे दुसऱ्या यंत्रावर दिवसभर सावली राहायची, थेट ऊन त्याला कधीच लागायचं नाही; मिळायचा तो फक्त आभाळभर विखुरलेला उजेड. सूर्याची वाट रोज थोडी सरकते, म्हणून कडंही रोज थोडं सरकवावं लागे. ते सरकवणारे म्हणून कडेमास्तर. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथेच राहिलं.

तासातासाला वर जायचं, दोन्ही यंत्रांचे आकडे त्यांना जोडलेल्या नोंदीच्या डब्यावर बघायचे, वहीत उतरवायचे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. कुणाच्या लग्नाला गेले तरी जेवणाची पंगत बसायच्या आत त्यांचं लक्ष घड्याळाकडे. मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमात तिचं गाणं संपायच्या आत दारातून बाहेर. वर गेल्यावर कड्याची सावली वाडग्याच्या बरोबर मधोमध आहे ना, हे एका डोळ्यानं बघायचं, मग दुसऱ्या डोळ्यानं बघायचं, खाली यायचं, आणि अर्ध्या जिन्यात शंका येऊन पुन्हा वर जायचं.

आता या कड्यात एक गोम होती. सूर्य झाकताना ते आभाळाचीही एक पट्टी झाकतं. म्हणजे यंत्र जो आकडा दाखवतं तो खऱ्यापेक्षा नेहमी थोडा कमी. मास्तरांना ज्यांनी काम शिकवलं त्या थोरल्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "कड्यानं जेवढं आभाळ खाल्लं, तेवढं त्याला ओकायला लावायचं." त्यासाठी एक तक्ता होता. कुठल्या महिन्यात किती भर घालायची ते त्यात लिहिलेलं. कधी विसावा हिस्सा, कधी सातवा. मास्तरांना तो तक्ता झोपेतही तोंडपाठ होता. यंत्र म्हणे शंभर, मास्तर लिहीत एकशे दहा. पूर्ण ढगाळ दिवशी, जेव्हा सूर्य नावालाही नसे, तेव्हा त्यांच्या वहीतली दोन्ही यंत्रं एक-दोन आकड्यांच्या फरकानं जुळत. ते जुळलं की मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. घरात दुसरं हसण्यासारखं फारसं नव्हतं. बायको बारा वर्षांपूर्वी गेली, एकुलती एक मुलगी नर्स झाली आणि डोंगरापलीकडच्या छोट्या इस्पितळात नोकरीला लागली.

त्या इस्पितळामुळेच सगळं सुरू झालं. तिथे वीज जायची, आणि गेली की तासन् तास यायची नाही. मुलीच्या वॉर्डात वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी ऊब देणाऱ्या दोन काचेच्या पेट्या होत्या. वीज गेली की नर्सा बाळांना उराशी धरून, वर कांबळी पांघरून बसायच्या. शेवटी छपरावर सोलरची पॅनेलं बसवायचं ठरलं. आणि ती किती लागतील हे ठरवायला एक बाई मास्तरांच्या गच्चीवर आली.

तिशीची, केस करकचून बांधलेली, पाठीवर भली मोठी पिशवी. तिचा धंदाच हा: तिरप्या छपरावर वर्षभरात किती उजेड पडेल याचा अंदाज बांधायचा. मास्तरांनी तिथल्या तिथे तिचं नाव अंदाजबाई ठेवून टाकलं.

"म्हणजे अंदाजपंचे काम," मास्तर म्हणाले. "आम्ही इथे मोजून मरतो, आणि तुम्ही अंदाज बांधता."

"तुम्ही सपाट मोजता, काका," ती हसून म्हणाली. तिनं पिशवीतून जेवणाच्या डब्याचं झाकण काढलं आणि तळहातावर आडवं धरलं. "हे असं धरलं की याला सगळं आभाळ दिसतं. तिरकं केलं की पाठीमागचं आभाळ गेलं, समोरची जमीन दिसायला लागली. थेट उन्हाचं काही नाही, सूर्य कुठे आहे ते ठाऊक असतं, कोन काढता येतो. पण तुमचा हा विखुरलेला उजेड सगळीकडून येतो. त्यातला या झाकणाला किती मिळणार? तिथे अंदाजच."

"आभाळ सगळीकडे सारखं धरता?"

"सोप्या सूत्रात सारखं धरतात."

"सारखं!" मास्तरांना जणू कुणी घरात येऊन शिवी दिली. "अहो बाई, एकतीस वर्षांत मला एकदाही सारखं आभाळ दिसलेलं नाही. सूर्याच्या शेजारपाजारी बघा, केवढं उजळ. खाली क्षितिजाच्या कडेला बघा, तिथेही पांढुरकं. आणि सूर्यापासून काटकोनात वळा, की सगळ्यात गडद. सूत्र लिहिणारा कधी गच्चीवर गेला होता का?"

"म्हणून तर मी दुसरं सूत्र वापरते. त्यात हे सगळं धरलंय." ती त्यांच्याकडे जरा निराळ्या नजरेनं बघायला लागली. "पण त्याला आधी एक भरवशाचा आकडा लागतो. आणि एवढ्या टापूत विखुरलेला उजेड मोजणारे तुम्ही एकटेच."

मास्तर त्या दिवशी दोनदा जास्त वर गेले.

इस्पितळाची अडचण अशी होती की त्याच्या पूर्वेला डोंगर आणि पश्चिमेलाही डोंगर. सूर्य एकावरून वर येईपर्यंत जवळजवळ दुपार, आणि तीन तासांत दुसऱ्याच्या आड. थेट ऊन म्हणजे पाहुणा, येऊन लगेच जाणारा. बाकी सगळा दिवस छपराला विखुरलेल्या उजेडावर काढायचा. म्हणून सगळी मदार मास्तरांच्या आकड्यावर. अंदाजबाईनं हिशेब केला आणि चोवीस पॅनेलं काढली. खात्री करायची म्हणून तिनं एक यंत्र इस्पितळाच्या छपरावर, छपराच्याच उतारात, सहा आठवडे बसवून ठेवलं.

आणि सहा आठवड्यांनी ती परत आली, तेव्हा तिचं हसू कुठेतरी राहून गेलं होतं.

"काका, माझं आभाळ गळतंय."

छपरावर मोजलेला उजेड अंदाजापेक्षा कमी भरत होता. पूर्ण ढगाळ दिवशी दोन्ही आकडे जुळायचे. लख्ख निळ्या दिवशी फरक थोडाच. पण अर्धे ढग, अर्धं आभाळ अशा दिवशी जवळजवळ दहावा हिस्सा गायब. आणि तिकडे वर्षातले निम्मे दिवस असेच.

"सूत्र चुकलं असेल," मास्तर म्हणाले.

"चार सूत्रं लावून बघितली. चारही तेवढीच चुकतात. चार जण एकाच खड्ड्यात पडले तर खड्डा रस्त्यात असतो, काका." तिनं पिशवीतून ऑफिसनं छापलेला तक्ता काढला. मास्तर वह्या दर महिन्याला मुख्य ऑफिसला धाडत. तिथे आकडे तपासून छापले जात, आणि वह्या परत येत. "आता हे बघा. ढगाळ दिवस. एकूण उजेड आणि विखुरलेला उजेड, दोन्ही सारखे."

"सारखेच असणार. सूर्यच नाही तर सगळा उजेड विखुरलेलाच. हाताच्या काकणाला आरसा कशाला?"

"शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे? शेकडो दिवस? दोन यंत्रं एवढी जुळी नसतात."

मास्तरांनी कपाटातून आपली वही काढली. त्यांच्या वहीत त्याच दिवशी दोन आकड्यांचा फरक होता. छापील तक्त्यात शून्य.

"मी ऑफिसला विचारलं," ती म्हणाली. "त्यांचा नियम आहे. विखुरलेला उजेड एकूणपेक्षा जास्त यायला लागला तर कापून एकूणइतकाच धरायचा. बरोबरच आहे, भाग काही अख्ख्यापेक्षा मोठा नसतो. पण तो मुळात जास्त येतोच का, ते तिथे कुणाला सांगता येईना. शुक्रवारी दुपारी मला पॅनेलांचा आकडा द्यायचाय. तुम्हाला काही सुचलं तर सांगा."

मास्तर म्हणाले, "बघतो," आणि नोंदीची वेळ नसताना जिना चढायला लागले. तिसाव्या पायरीवर ते थांबले. आणि ज्या माणसाला कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं तो तिथेच, कठड्याला धरून, पायरीवर बसला.

त्यांना कळलं होतं. सगळं एकदम कळलं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी ऑफिसचं एक परिपत्रक आलं होतं. यापुढे कड्याची भर मुख्य ऑफिसात घातली जाईल. निरीक्षकांनी डब्यावर दिसेल तोच कच्चा आकडा वहीत लिहावा. मास्तरांनी त्यावर 'समजले' असं लिहून सही केली होती. आणि आठवडाभर तसं केलंही होतं. पण त्या आठवड्यात त्यांना जेवण गेलं नाही. समोर आकडा शंभर; तो खोटा आहे हे ठाऊक, खरा एकशे दहा आहे हे ठाऊक, आणि तरी आपल्या हातानं, आपल्या अक्षरात, शंभर लिहायचं! उद्या कुणी वही उघडली तर म्हणेल, मास्तरांना भर घालता येत नव्हती. आठव्या दिवशी त्यांनी पुन्हा एकशे दहा लिहिलं. ऑफिसला फोन करून एका कारकुनाला सांगितलंही, "माझ्या आकड्यांना तुम्ही भर घालू नका, मी इथेच घालतो." कारकून म्हणाला, "बरं, बरं." पुढच्या महिन्यात त्याची बदली झाली.

थोडक्यात, एकशे दहावर ऑफिस पुन्हा भर घालत होतं. एकशे एकवीस. ढगाळ दिवशी हा आकडा एकूणाच्या बाहेर सांडे, तेव्हा नियम त्याला कापून बेमालूम झाकून टाके. बाकीच्या दिवशी चूक तशीच छापली जाई. खोटं लिहायला नको म्हणून या सज्जन माणसानं एकोणीस वर्षं खोटं छापवून घेतलं होतं. मला विचाराल तर प्रामाणिकपणाचा असा माज फार थोड्यांना परवडतो.

तो सोमवार होता. त्यानंतरचे दोन दिवस मास्तरांच्या जिवाची जी घालमेल झाली ती जिन्यानंच पाहिली. नोंदीला जायचे तेव्हा जात होतेच, पण मधेही जात. कडं सरकवायचे, पुन्हा होतं तिथे आणायचे. वाडग्याची काच एकदा पुसली, दोनदा पुसली, तिसऱ्यांदा पुसताना कळलं की फडकं कोरडंच आहे. चहा ठेवायचा आणि वर जायचं. खाली यावं तर भांडं करपलेलं.

मनात सारखे दोन वकील भांडत होते. एक म्हणे, झाकली मूठ सव्वा लाखाची. आठ महिन्यांत निवृत्त होशील. बाईला तीन-चार पॅनेलं वाढवून घे म्हणून सांग, काहीतरी कारण दे, डोंगराचं, धुक्याचं. दुसरा म्हणे, कारण काय देणार? ती चार सूत्रं लावून आलेली पोरगी आहे, तिला काय धुक्यात गुंडाळतोस? पहिला म्हणे, मग गप्प बस. दुसरा गप्प बसायचा आणि मास्तर पुन्हा वर जायचे.

त्यात मंगळवारी साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे मुख्य ऑफिसातले, गोड बोलणारे. "मास्तर, आनंदाची बातमी! एवढी वर्षं एकाच हातानं लिहिलेली नोंद दुसरी कुठेच नाही. नमुना म्हणून तुमची नोंद आम्ही सगळ्या केंद्रांना धाडणार आहोत. तुमचा फोटोही टाकायचाय. कड्याजवळ उभे राहून. कोट आहे ना?"

"आहे," मास्तर म्हणाले. कोट होता. त्यांना वाटलं, तो घालून विहिरीत उडी मारावी.

बुधवारी मुलीचा फोन. तिचा आवाज दमलेला होता. "काल पाच तास लाइट नव्हती, बाबा. एक बाळ मी धरलं, एक आमच्या आयाबाईंनी. हात नुसते बधिर झाले. आता पॅनेलं येणार म्हणून सगळे दिवस मोजतायत. तुमच्या आकड्यांवर ठरणार आहेत ना? मी सगळ्यांना सांगितलंय, बाबांचा आकडा आहे म्हटल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा."

मास्तरांची नजर घड्याळाकडे गेली.

"बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"बरं नाही का वाटत?"

"नोंदीची वेळ झाली," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला. नोंदीला अजून चाळीस मिनिटं होती. ती चाळीस मिनिटं ते गच्चीवर कठड्याला धरून उभे राहिले. लाज वाटली, भीती वाटली, आणि सगळ्यात जास्त राग आला तो त्या 'डोळे मिटून' या शब्दांचा. डोळे उघडे ठेवून एकोणीस वर्षं बघितलं, त्याचं हे झालं.

गुरुवारी सकाळी सातची नोंद झाल्यावर त्यांनी अंदाजबाईला फोन लावला.

"बाई, चोवीस सांगू नका."

"का? काही सापडलं?"

"आभाळ दोनदा भरलंय. एकदा मी, एकदा ऑफिसनं." मग त्यांनी सगळं सांगितलं, परिपत्रक, आठवडा, कारकून. सांगताना ते खोलीत फेऱ्या मारत होते आणि फोनची वायर टेबलाच्या पायाला गुंडाळली जात होती.

मग तिनं विचारलं, "किती वर्षं, काका?"

"एकोणीस."

ती रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मग नोंद वाया नाही गेलेली. तुमचा तक्ता मला द्या. जेवढी भर घातलीत तेवढी काढून टाकता येईल."

"सगळ्या दिवसांची नाही काढायची. मी रजेवर असलो की बदली माणूस यायचा. तो परिपत्रकाप्रमाणे कच्चाच आकडा लिहायचा. त्या दिवसांची भर काढलीत तर उलटी चूक होईल."

"मग ते दिवस कुठले, ते अचूक हवं. अंदाज नको." एवढ्यात तिलाही हसू आलं, पण ती लगेच सावरली. "उद्या दुपारपर्यंत. तुमच्या सहीनं."

साहेबांना सांगणं जास्त जड गेलं. साहेब एकदम भडकले. "एकोणीस वर्षं, मास्तर! आणि हे मला आत्ता सांगता, फोटोचं ठरल्यावर?" मास्तरांच्या अगदी जिभेवर आलं होतं की साहेब, एकूणपेक्षा जास्त येणारा आकडा तुमची माणसं एकोणीस वर्षं कापत बसली, एकानंही विचारलं नाही का येतो म्हणून. पण आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला. ते म्हणाले, "चूक माझी आहे, साहेब. छापताना तसं लिहा." साहेबांनी नमुन्याचं रद्द केलं. नोंद छापली जाईल, पण पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात, चुकीचा खुलासा. खुलाशात मास्तरांचं खरं नाव येणार होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ते पगारपत्रकाबाहेर पडणार होतं.

शुक्रवारी सकाळी मास्तर रजांची यादी करायला बसले. खरोखर बसले, टेबलाशी, पाठ टेकून. रजा अशा किती? बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांनी आधी आठवणीनं लिहून काढल्या. थोरल्या भावाच्या निधनाला पाच दिवस. हर्नियाचं ऑपरेशन, अकरा दिवस. तापानं दोनदा, तीन आणि दोन. मुलीला नर्सिंगच्या वसतिगृहात सोडायला गेले, एक दिवस. पत्नीचं निधन, पंधरा दिवस.

हे पंधरा दिवस त्यांना वहीत बघायचीही गरज नव्हती. ते घरी बसले होते, पोरीजवळ. ती पंधरा वर्षांची होती, एकटीच कोपऱ्यात बसून राहायची. 'पंधरा दिवस मी वर फिरकलो नाही, पोरीजवळ होतो', हे त्यांनी भावजयीला सांगितलं होतं, शेजाऱ्यांना सांगितलं होतं, बदली माणसालाही सांगितलं असेल. आयुष्यात एकदा तरी आपण कडं सोडून घर धरलं, याचा त्यांना मनातून आधार होता.

मग ते वह्या काढून पडताळायला लागले. बदली माणसाचं अक्षर उजवीकडे कलतं, मास्तरांचं ताठ. चूक व्हायची सोय नव्हती. भावाचे पाच, पाच. हर्नियाचे अकरा, अकरा. ताप बरोबर. वसतिगृह बरोबर. त्यांनी बारा वर्षांपूर्वीची वही उघडली. कलतं अक्षर सुरू झालं. पहिला दिवस, दुसरा, तिसरा, चौथा. पान उलटलं.

पाचव्या दिवशी सकाळी सातची नोंद ताठ अक्षरात होती.

आठची, नऊची, दहाची. दिवसभराची. सहाव्या दिवसाची. सातव्या दिवसाची. कुठेही गिचमिड नाही, खाडाखोड नाही. भर घातलेली, तक्त्याप्रमाणे, बिनचूक. मास्तरांनी वही खिडकीशी नेऊन बघितली, जणू उजेडात अक्षर बदलणार होतं. स्वतःचं अक्षर माणसाला ओळखता येतंच. त्यांनी पुढची दहा पानं उलटली आणि प्रत्येक पानावर ते स्वतः होते.

त्यांनी फोन उचलला. वॉर्डातच लागला. पाठीमागे एक बाळ बारीक आवाजात रडत होतं.

"बाबा? आत्ता कसा काय फोन? आवाज असा का येतोय?"

"एक विचारायचंय गं." मास्तरांनी वही पुढ्यात ओढली. "आई गेली तेव्हा मी किती दिवस घरी होतो?"

तिनं बाळाला थोपटल्याचा आवाज आला.

"चार," ती म्हणाली.

"मी पंधरा समजत होतो."

"चारच होते, बाबा. पाचव्या दिवशी मी उठले तर दारात तुमच्या चपला नव्हत्या. मग तुम्ही दर तासाला खाली यायचात, माझ्याकडे बघायचात, आणि परत जायचात."

"मला घरात बसवत नव्हतं," मास्तर म्हणाले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "तिचं अंथरूण समोर दिसायचं. तू कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं होतं? तुम्ही सगळ्यांना पंधरा सांगत होतात. मला वाटलं, तुम्हाला तेवढे हवे असतील."

मास्तरांना उभं राहावंसं वाटलं, चालायला लागावंसं वाटलं, जिना गाठावासा वाटला. ते उठले नाहीत.

"यादी करतोय," ते म्हणाले. "पॅनेलांसाठी. माझे दिवस कुठले आणि नव्हते कुठले. माझी नोंद चुकली आहे, पोरी. बरीच वर्षं. दुपारपर्यंत खरं ते द्यायचंय."

तिनं कशी चुकली, किती चुकली, काही विचारलं नाही. बाळ आता जास्तच रडायला लागलं होतं.

"मग चार लिहा," ती म्हणाली. "आणि लगेच पाठवा, बाबा. इथे दोन्ही पेट्या भरल्यात."

मास्तरांनी पंधरावर रेघ मारली, शेजारी चार लिहिलं आणि सही केली. फोन अजून कानाशीच होता. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली. "ठेवते, बाळाला घ्यायचंय."